नळ जवळ नसताना कॅम्पर ट्रेलरची पाण्याची टाकी कशी भरायची: सोलापूरच्या माळावरचा हिशोब

सोलापुरात वाढलेल्या माणसाला पाणी साठवायची शिकवणी लागत नाही. काही दिवसांआड नळ येणार, आला की टिल्लू पंप लावायचा, आधी बॅरल, मग घागरी, कळशा आणि शेवटी बादल्या भरायच्या. हाच माणूस गाडीमागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे चाकांवरची छोटी राहायची खोली, जोडून मुक्कामाला निघाला की परदेशी व्हिडिओ पाहून लांबलचक होज पाइप विकत घेतो. तिकडच्या बऱ्याच कॅम्पसाइटवर जागेजवळच नळ असतो. आपल्याकडे हुरड्याचं रान, ओळखीच्या माणसाची द्राक्षबाग, उजनीच्या कडेचा मुरमाड माळ अशा ठिकाणी मुक्काम पडतो. तिथे होज कशाला जोडायचा?

त्यामुळे इथे गणित उलटं मांडावं लागतं. ट्रेलर पाण्यापाशी न्यायचा नाही, पाणी ट्रेलरपाशी आणायचं. ते आणायला कॅन लागतात, टाकीत चढवायला छोटा पंप लागतो आणि कुठलं पाणी घ्यायचं याची पारख लागते. सगळ्यात अवघड पारखच आहे, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

किती पाणी लागेल?

भारतात बनणाऱ्या लहान ट्रेलरमध्ये साधारण ६० ते १२० लिटरची टाकी असते. आपण १०० लिटर धरू. चार माणसं, दोन दिवस.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी उन्हाळ्यात माणशी रोज ५ लिटर धरा. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा यात काटकसर नको. चौघांचे दोन दिवसांचे ४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार झाले. वापराचं पाणी म्हणजे हातपाय, भांडी, संडास आणि अर्ध्या बादलीची अंघोळ. सांभाळून वापरलं तर माणशी रोज १२ लिटरमध्ये भागतं. त्याचे ९६ लिटर, म्हणजे एक टाकी. शॉवर सोडून उभं राहणारा एक जण जरी सोबत असला तरी हा हिशोब पहिल्याच सकाळी कोलमडतो. शॉवरचं तोंड काढून तिथे मग्गा ठेवा.

भांड्यांचं पाणी वाचवायचा सोलापुरी मार्ग म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणी. एका वेळच्या जेवणाला धुवायला काही उरतच नाही.

पिण्याचं पाणी टाकीत घालू नका

यावर मतभेद असतील, पण माझं मत पक्कं आहे. ट्रेलरची टाकी फक्त वापराच्या पाण्यासाठी ठेवावी आणि पिण्याचं पाणी जारमध्येच राहू द्यावं. टाकी आतून दिसत नाही आणि हाताने घासता येत नाही. तिचे पाइप उन्हात तापतात, कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि घातलेला क्लोरीनही लवकर उडतो. जार मात्र डोळ्यांसमोर असतो. त्याच्या तोंडावर चार्जिंगचा छोटा पंप बसवला की ओट्याजवळ नळ तयार. तो पंप मिनिटाला लिटर-सव्वा लिटर पाणी देतो, तांब्या भरायला तेवढं पुरे.

ही विभागणी केली की पुढचं सगळं सोपं होतं. टाकीसाठी आरओचं पाणी शोधत फिरावं लागत नाही. बोअरचं जड पाणी अंघोळीला चालतं. फक्त ते स्वच्छ, बिनवासाचं आणि जंतू मारलेलं हवं, कारण दात घासताना आणि भाजी धुताना तेच पोटात जातं.

सामान

यादी मोठी नाही. वीस लिटरचे दोन आणि दहा लिटरचे दोन कॅन, एचडीपीई प्लास्टिकचे, बुडाला त्रिकोणात २ हा आकडा असलेले आणि रुंद तोंडाचे. दहाचे कॅन मुद्दाम घ्यायचे. वीसचा एक कॅन एका हातात धरून शेताच्या बांधावरून चालताना कंबर वाकडी होते, दहाचे दोन कॅन दोन्ही हातांत घेतले की तोल राहतो. पावसानंतर काळ्या रानात ट्रॉलीची चाकं रुततात, तिथे हाच उपाय उरतो.

कॅन नवीनच घ्या. एमआयडीसीच्या भंगारात निळे ड्रम आणि कॅन स्वस्तात मिळतात, पण त्यांत आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. रंगाची रसायनं, ॲसिड, औषधं प्लास्टिकमध्ये मुरतात, कितीही धुतलं तरी निघत नाहीत. डिझेल किंवा फवारणीचं औषध एकदा ठेवलेल्या कॅनलाही हाच नियम.

कॅनशिवाय अर्धा किंवा पाऊण इंची खाद्यदर्जाचा पाइप चार-पाच मीटर (बागेतला हिरवा पाइप नको, उन्हात तापला की पाण्याला रबराचा वास लागतो), १२ व्होल्टचा पंप, पंपाच्या आधी बसणारी बारीक जाळी, मोठं नरसाळं, सुती कापड, पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर आणि क्लोरीन. पाइपच्या दोन्ही टोकांना टोपणं हवीत. तोंड उघडं ठेवून डिकीत टाकलेल्या पाइपात मुंगळे आणि माती जातातच.

चार-पाच जणांचा मुक्काम नेहमीचा असेल तर घडी होणारी पाण्याची पिशवी घेण्यासारखी आहे. १०० ते २०० लिटरच्या पिशव्या मिळतात. मात्र भरलेली पिशवी गाडीच्या टपावर ठेवायची नाही. बहुतेक गाड्यांच्या टपाची क्षमता ५० ते ७५ किलोच्या आसपास असते, आणि १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. पिशवी डिकीत खाली, सीटच्या पाठीला टेकवून आणि पट्ट्याने आवळून ठेवा.

पाणी कुठे भरायचं

आषाढी वारीत दिंड्यांचं पाणी बघण्यासारखं असतं. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, तेव्हा दिंडीच्या आधी तिचा टँकर पुढे गेलेला असतो. पाण्याची माणसं मुक्कामाच्या गावी सगळ्यांत आधी पोचतात. माणसं येतात तेव्हा टँकर भरलेला असतो. ट्रेलरवाल्यांनी हेच करावं. जागेवर पोचून पाणी शोधायचं नाही, मुक्कामाच्या अलीकडच्या शेवटच्या मोठ्या गावात भरून घ्यायचं. पुणे रस्त्यावर ते मोहोळ किंवा टेंभुर्णी असेल, करमाळ्याच्या बाजूला जाताना कुर्डुवाडी, दक्षिणेला अक्कलकोट, तुळजापूर-नळदुर्गकडे जाणार असाल तर सोलापूर शहरच.

तिथे पर्याय असे, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

१. *जारचा प्लँट.* तालुक्याच्या गावात तो असतोच. मालकाला आधी फोन करून विचारा की ट्रेलर दारात उभा करून थेट पाइपने भरून देता का. बरेच जण हो म्हणतात, कारण त्यांना जार धुण्या-वाहण्याचा त्रास वाचतो. सकाळी जार पोचवायची घाई असते, म्हणून दुपारी जा. एक फरक लक्षात ठेवा. बंद सीलच्या जारवर आयएस १४५४३ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह आहे का ते पाहा. सुट्ट्या थंड जारवर ते नसतं, त्यामुळे त्या पाण्याची खात्री मालकाच्या प्रामाणिकपणावर आणि फिल्टर बदलण्याच्या सवयीवर अवलंबून. पिण्याच्या दोन जारसाठी सीलबंद घ्या, टाकीसाठी सुट्टं चालेल.

२. *पेट्रोल पंप.* पिण्याचं पाणी आणि हवा मोफत देणं पंपावर बंधनकारक आहे. ते प्रवाशाच्या तहानेसाठी आहे, शंभर लिटरच्या टाकीसाठी नाही. डिझेल भरलं, सुपरवायझरला विचारलं, तर दोन कॅन भरू देतात. रांगेत ट्रक उभे असताना नळ अडवून बसू नका.

३. *वॉशिंग सेंटर.* प्रेशर जोरात, वेळ कमी. पाणी बोअरचं, कधी हौदात पडून राहिलेलं. फक्त वापरासाठी, आणि गन धरून नाही तर हौदाच्या आधीच्या पाइपवरून मागा.

४. *छोट्या हत्तीवरची टाकी.* बांधकामाला आणि लग्नाला पाणी पुरवणारे हे लोक असतात. तीन-चार ट्रेलर एकत्र असतील तर त्यांना मुक्कामावर बोलावणं परवडतं. पाणी कुठलं हे विचारा आणि टाकीत आत डोकावून पाहा.

ढाबा मी यादीत घातला नाही, कारण उन्हाळ्यात बऱ्याच ढाब्यांना स्वतःलाच टँकर विकत घ्यावा लागतो. जेवलात तर बाटल्या भरून घ्या, कॅन पुढे करू नका.

शेतातल्या मोटरीवरून

हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, मुक्काम बहुधा कुणाच्या तरी रानातच असतो. विहीर किंवा बोअर शंभर पावलांवर असतं. तरी काही गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, लाइट. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. "मालक, लाइट किती वाजता येणार?" हा पहिला प्रश्न. रात्रीची पाळी असेल तर झोपण्याआधी कॅन मोटरीच्या खोलीपाशी रचून ठेवा आणि शेतकरी पाणी धरायला उठेल तेव्हा त्याच्याबरोबर उठा. स्टार्टरला हात लावू नका, मोटर त्यालाच चालू करू द्या.

दुसरी फार महत्त्वाची. पाणी ठिबकच्या पाइपातून घेऊ नका. सांगोल्याच्या डाळिंबात असो की नान्नज-कासेगावच्या द्राक्षात, विद्राव्य खतं ठिबकमधूनच सोडतात. व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून मिसळणारी नळी) किंवा खताच्या टाकीच्या पुढच्या पाइपात युरिया, पोटॅश, कधी ॲसिडही असतं. पाणी स्वच्छ दिसतं, वासही येत नाही. मोटरीच्या डिलिव्हरीवर, फिल्टरच्या आणि व्हेंचुरीच्या अलीकडे, जिथे थेट विहिरीचं पाणी पडतं तिथे कॅन लावा. "खत सोडलंय का?" असं विचारायला संकोच नको, बागायतदाराला हा प्रश्न शहाणपणाचाच वाटतो. फवारणीच्या ब्लोअरची टाकी, औषध कालवायचा ड्रम आणि त्याच्याजवळची बादली, यांच्या वाटेलाही जाऊ नका.

तिसरी, मोटर चालू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पाणी पडू द्या. पाइपात तापलेलं, गंजाचं, कधी बेडकाचं पाणी निघून जातं.

चौथी, शेततळं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं दिसायला सुंदर असतं, पण त्यातलं पाणी उघडं, शेवाळाचं आणि बहुधा कालव्याच्या आवर्तनातून भरलेलं असतं. पाय आणि गाडी धुवायला ठीक. काठाचं प्लास्टिक निसरडं असतं आणि पडलेला माणूस वर येऊ शकत नाही, त्यामुळे मुलांना तिकडे पाठवू नका आणि स्वतःही बादली घेऊन वाकू नका.

आणि एक नियम माणुसकीचा. ज्या गावाला टँकर चालू आहे तिथे पाणी मागायचं नाही. मागितलं तर देतील, कारण आपल्या भागात पाण्याला नाही म्हणत नाहीत. पण ते कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातलं असेल. मार्चनंतर घरून आणि प्लँटवरूनच भरून निघा. एरवी शेतकऱ्याने पैसे नको म्हटलं तर हुरडा, ज्वारी, डाळिंब, जे विकायला असेल ते घ्या.

उजनीचं आणि नदीचं पाणी

उजनीच्या फुगवट्याकाठी उतरणाऱ्यांना समोर एवढं पाणी दिसतं की पंप त्यातच सोडावासा वाटतो. सोडू नका. भीमेतून आणि मुळा-मुठेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच जलाशयात येतं. पाणी संथ आणि कोमट झालं की निळं-हिरवं शेवाळ वाढतं, काठाला हिरव्या रंगासारखी साय धरते. या शेवाळाच्या काही जाती विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. क्लोरीनचाही त्यावर भरवसा नाही. शहराला हेच पाणी मिळतं, पण ते शुद्धीकरण केंद्रातून. आपल्याकडे ते केंद्र नाही.

पंढरपूरला चंद्रभागेचं पाणी तीर्थ म्हणून तांब्यात घ्या, टाकीत नको. यात्रेच्या दिवसांत तर नाहीच. शहरातला सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, कालवे यांनाही तेच लागू. कालव्याच्या भरावावरून ट्रेलर नेणंही टाळा, वळवायला जागा नसते आणि कडा ढासळतात.

पाणी पारखणं

नाक, डोळे आणि मीटर, या क्रमाने. पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन उन्हात धरा. गढूळ असेल, कुजकट किंवा डिझेलचा वास असेल, वर तेलाचा तवंग असेल तर तिथेच सोडून द्या.

मग टीडीएस मीटर. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. आपल्याकडच्या बसाल्टातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड निघतं. अंघोळीला चालतं, पण साबण फेसाळत नाही आणि ट्रेलरच्या गिझरमध्ये, पंपाच्या झडपांत पांढरी खपली धरते. दीड हजाराच्या वर असेल तर गिझर बंद ठेवून चुलीवर पाणी तापवा.

मीटर फक्त क्षार सांगतं, जंतू सांगत नाही. शेणाच्या उकिरड्याशेजारच्या विहिरीचं पाणी तीनशे दाखवेल आणि पोट बिघडवेल. फ्लोराइड आणि नायट्रेटही ते वेगळं दाखवत नाही, म्हणूनही पिण्याचं पाणी सीलबंद जारचं.

थोडं गढूळ पाणी घ्यावंच लागलं तर कॅनमध्ये तुरटी फिरवा. वीस लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पुरते, म्हणजे खडा चार-पाच वेळा फिरवून काढायचा, आत टाकून ठेवायचा नाही. तासा-दोन तासांनी वरचं निवळलेलं पाणी कापडातून टाकीत घ्या आणि तळाचं सोडून द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन घालणं वाया जातं, तो आधी मातीवरच खर्च होतो.

टाकीत चढवणं

कॅन जमिनीवर आहे, ट्रेलरचं भरायचं तोंड कमरेच्या वर आहे. वीस लिटरचा कॅन उचलून नरसाळ्यात ओतणं एकदा जमतं, पाचव्यांदा पाठ धरते आणि निम्मं पाणी बुटांवर पडतं. चार मार्ग आहेत.

*सायफन.* कॅन टाकीच्या तोंडापेक्षा उंच ठेवता आला तर विजेची गरज नाही. लोखंडी घोडा, गाडीचं टप, बांधाचा चढ, काहीही चालेल. अट एकच, कॅनमधल्या पाण्याची पातळी पाइपच्या दुसऱ्या टोकापेक्षा वर हवी. अर्धा मीटर उंची मिळाली तर पाऊण इंची पाइपने वीस लिटर साधारण मिनिटभरात उतरतात, अर्धा इंचीने अडीच-तीन मिनिटं लागतात. तोंडाने ओढू नका. एका टोकाला तांब्याची झडप असलेला, पाण्यात वरखाली हलवला की सुरू होणारा पाइप मिळतो, तो घ्या. हाच पाइप लोक डिझेल काढायला वापरतात, म्हणून पाण्याच्या पाइपवर रंगाने मोठं "पाणी" लिहून ठेवा.

*१२ व्होल्टचा बुडवायचा पंप.* मला हाच सगळ्यांत कामाचा वाटतो. कॅनच्या तोंडातून आत जाईल एवढा बारीक पंप, त्याला पाइप, दुसरं टोक टाकीत. मिनिटाला दहाएक लिटर देणारा पंप तीन-चार अँपिअर घेतो, म्हणजे शंभर लिटरला दहा मिनिटं आणि बॅटरीतला एक अँपिअर-तासही नाही. वायरीत १० अँपिअरचा फ्यूज हवाच. हा पंप कोरडा चालला की जळतो, म्हणून कॅनचा तळ दिसायला लागला की हात स्विचवर ठेवा.

*डायफ्रॅमचा पंप.* हा कॅनबाहेर राहून पाणी ओढतो आणि थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही. महाग आहे, आवाजही करतो. डिकीतल्या पिशवीतून पाणी काढायला हाच लागतो. ओढणाऱ्या बाजूला जाळी बसवली नाही तर विहिरीतलं एक पान झडप अडकवायला पुरतं.

*ट्रेलरचाच पंप.* ट्रेलरमध्ये आधीच एक डायफ्रॅम पंप असतो, टाकीतलं पाणी नळांना देणारा. टाकी आणि पंप यांच्यामध्ये तीन तोंडांची झडप बसवून घ्या. मग झडप फिरवली की पंप टाकीऐवजी बाहेरच्या कॅनमधून पाणी ओढेल. ट्रेलरला बाहेरचा शॉवर असेल तर त्याचा पाइप भरायच्या तोंडात धरून नळ उघडा. पंप कॅनमधून ओढतो आणि शॉवरमधून टाकीत सोडतो, वेगळा पंप लागतच नाही. फॅब्रिकेटर किंवा हुशार प्लंबर हे काम सहज करून देतो. काम झाल्यावर झडप परत टाकीकडे वळवायची, नाहीतर रात्री नळ सोडल्यावर नुसता पंपाचा घरघराट ऐकू येतो.

कुठलाही मार्ग घ्या, टाकीतली हवा बाहेर जायला वाट हवी. पाइप भरायच्या तोंडापेक्षा बारीक असावा आणि कापड कोंबून तोंड बंद करू नये. पाणी गटगट करत उलटं येऊ लागलं तर पाइप दोन बोटं मागे घ्या किंवा वेग कमी करा. तरी थांबत नसेल तर हवेची नळी पाहा, कुंभारमाशीने तिथे मातीचं घर केलेलं असतं. तोंड घट्ट बंद करून पंपाने दाब दिला तर प्लास्टिकची टाकी फुगते आणि शिवणीला चिरते.

भरण्याआधी ट्रेलर सपाटीला आणा. उतारावर टाकी पूर्ण भरत नाही आणि पाण्याची पातळी दाखवणारी दिव्यांची पट्टी खोटं सांगते. मला कॅन मोजणं जास्त विश्वासाचं वाटतं.

क्लोरीन किती

मेडिकलमध्ये किंवा रसायनांच्या दुकानात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. सुगंध किंवा साबण घातलेलं कपड्याचं ब्लीच नको. रोजच्या वापरासाठी १०० लिटरला ४ मिलिलिटर, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन. सुईशिवायची ५ मिलिलिटरची सिरिंज मापाला उत्तम. निम्मी टाकी भरल्यावर घाला म्हणजे उरलेलं पाणी पडताना आपोआप मिसळतं, आणि अर्धा तास थांबा.

ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतात आणि पाण्यात उरलेला क्लोरीन पाहायला ओटी टेस्ट करतात, ती किट स्वस्त आहे. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. मानकाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, बहुतेक वेळा थोडं वाढवावं लागतं. क्लोरीनची बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर जातो. आणि संडास साफ करायच्या ॲसिडशेजारी तर मुळीच नाही. दोन्ही सांडून एकत्र आली तर विषारी वायू होतो, आणि ट्रेलर म्हणजे बंद खोली.

ट्रेलर दोन-तीन महिने उभा होता, तर आधी टाकी धुवा. कार्बनचा फिल्टर काढून ठेवा, गिझर बंद करा. टाकी पूर्ण भरून १०० लिटरला हेच द्रावण १०० मिलिलिटर घाला, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि निदान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवा. मग टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. ते पाणी पिकात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदात सोडू नका, मुरमाच्या मोकळ्या जागेवर पसरून टाका. टाकीचं प्लास्टिक पारदर्शक असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर बाहेरून काळं कापड किंवा रंग लावा, नाहीतर आत शेवाळ येतं.

भरलेली टाकी रस्त्यावर

शंभर किलो वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर गाडी कशी चालते ते ठरतं. टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर भरल्यावर पुढचा हुक हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटासारखा डुलतो. अशा ट्रेलरची टाकी मुक्कामाजवळ येऊनच भरा, जार पुढच्या गाडीत ठेवा. अर्धी भरलेली टाकी आणखी वाईट, पाणी आत हिंदकळतं आणि ब्रेक लावल्यावर मागून धक्का देतं. लांबच्या रस्त्याला पूर्ण भरून निघा किंवा जवळजवळ रिकामी घेऊन.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानंतर डांबरी सोडून काळ्या रानात भरलेला ट्रेलर घालू नका. वरून सुकलेली दिसणारी जमीन आत लोण्यासारखी असते. ट्रेलर मुरमावर उभा करा आणि पाणी कॅनने न्या.

घरी परतल्यावर तळाचा कॉक उघडून टाकी रिकामी करा, सगळे नळ उघडे ठेवून पंप अर्धा मिनिट चालवा म्हणजे पाइपातलं पाणीही निघेल. पंपाची जाळी उघडून ब्रशने घासा. कॅन उलटे करून सावलीत वाळवा, झाकणं वेगळी ठेवा. टाकीच्या तोंडाला आणि हवेच्या नळीला बारीक जाळीचा तुकडा बांधा, डासांना अंडी घालायला रिकाम्या टाकीच्या तळाशी उरलेलं वाटीभर पाणी पुरतं.